एकाच परसातून स्वयंपाकघर आणि खुराडे: भाजीपाल्याचे नियोजन कसे करावे?

मृद्गंध

घरामागे साधारण ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे आणि तिच्या एका कडेला अंडी देणाऱ्या सहा कोंबड्यांचे खुराडे आहे. घरातल्यांना वर्षभर ताजी भाजी मिळावी आणि कोंबड्यांनाही हिरवा चारा मिळावा, अशी इच्छा होती. म्हणून गेल्या हंगामात मी जागेचे सरळ दोन भाग केले: अर्धा भाग घरासाठी, अर्धा कोंबड्यांसाठी. हा बेत फसला. कोंबड्यांच्या भागात पेरलेली लेट्यूस आणि माठ चार बोटे वर आल्यावर मी त्यांना आत सोडले, तर संध्याकाळपर्यंत तेथे एकही रोप शिल्लक नव्हते. मुळांसकट उकरलेली माती आणि धुळीत लोळण्यासाठी केलेले तीन खड्डे एवढेच उरले. घराच्या भागात उलट घडले. सगळे बी एकाच दिवशी पेरल्यामुळे पंधरा दिवस पालक संपवता संपेना आणि नंतरचा महिनाभर काहीच हाती लागले नाही.

तिसरी चूक मला अधिक लागली. घराचा जास्तीचा पाला दररोज खुराड्यात जाऊ लागला, तेव्हा मी कोंबड्यांचे नेहमीचे खाद्य कमी केले. तीन आठवड्यांच्या आत अंडी घटली, आणि एके सकाळी घरट्यातून अंडे उचलताना अंगठ्याच्या नुसत्या दाबाने त्याचे कवच आत गेले. आता नव्याने आखणी करायची आहे. कोणत्या भाज्या लावाव्यात, कोंबड्यांना रोज किती द्यावे, वाफे कसे राखावेत आणि त्यांच्या विष्ठेचे खत भाज्यांना केव्हा घालावे, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अंगणवेल

आपल्या तिसऱ्या चुकीपासून सुरुवात करतो, कारण जागेची विभागणी तिच्यावरच अवलंबून आहे.

अंडी देणारी मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, आणि हे प्रमाण ती रोजचा आपला ठरलेला वाटा खाईल असे गृहीत धरून बांधलेले असते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. पालेभाजीत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी पाल्याने भरली की तिला पोट भरल्यासारखे वाटते आणि ती खाद्याकडे फिरकत नाही. म्हणजे दिसायला ती भरपूर खाते, प्रत्यक्षात तिला ऊर्जा, प्रथिने आणि कॅल्शियम हे तिन्ही अपुरे पडतात. आपल्या अंड्याचे कवच आत गेले त्याचे कारण बहुधा हेच आहे.

म्हणून माझ्याकडे सकाळी फक्त खाद्य असते आणि हिरवा पाला दुपारनंतर जातो. तोही एवढाच, की पंधरा-वीस मिनिटांत संपावा. माझ्या मोजणीप्रमाणे एका कोंबडीला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे एक सैलसर मूठ. हिशेब केला तर सहा कोंबड्यांना दिवसाला फार तर २४० ग्रॅम आणि आठवड्याला पावणेदोन किलोच्या आसपास पाला लागतो. एवढ्यासाठी १२ चौरस मीटर जागा वेगळी काढण्याची मुळीच गरज नाही. तो पाला घराच्या भाजीतूनच निघतो.

शिंपल्यांचा जाडसर चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा, ही आणखी एक सूचना. कवच बनण्यास सुमारे वीस तास लागतात आणि त्यांपैकी बराच काळ रात्रीचा, म्हणजे कोंबडी काहीच खात नाही असा असतो. जाड चुरा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रीची गरज भागवतो. बारीक पूड लवकर निघून जाते. ज्या कोंबडीला गरज आहे ती स्वतःहून हवा तेवढा चुरा उचलते. शिवाय पाला देणार असाल तर बारीक टणक खडेही समोर असू द्या. कोंबडीला दात नसतात. तंतुमय पाला तिच्या स्नायूंच्या पोटात या खड्यांनीच दळला जातो. शिंपल्यांचा चुरा विरघळून जातो, म्हणून तो खड्यांची जागा घेऊ शकत नाही.

हिरवळ

अंगणवेल यांनी हिशेब मांडला आहे, त्याच्याच पुढे लिहिते. ‘घराचा वाफा’ आणि ‘कोंबड्यांचा वाफा’ ही विभागणीच सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक झाडाचे दोन वाटे असतात: एक आपण खातो तो आणि दुसरा आपण टाकून देतो तो. कोणती भाजी लावायची हे ठरवताना मी हा दुसरा वाटा किती चांगला आहे ते पाहते.

फ्लॉवरचेच उदाहरण घ्या. गड्डा हातात येण्यापूर्वी ते झाड दोन-अडीच महिने जागा अडवते, आणि आपण गड्डा कापून बाकीचे सर्व फेकतो. त्या एका झाडाची मोठी पाने सहा कोंबड्यांना दोन दिवस सहज पुरतात. कोबीची बाहेरची पाने, ब्रोकोलीचे सोललेले देठ, मुळ्याचा पाला, बीटची पाने, गाजराचा शेंडा, वाटाण्याचे शेंगा काढून झालेले वेल हे सर्व त्याच हिशेबात धरावे. टोमॅटो आणि बटाटा मात्र यात बसत नाहीत. त्यांचे फळ किंवा कंद आपला असला तरी पाला विषारी असल्यामुळे त्यांचा दुसरा वाटा शून्य आहे. ती झाडे लावायचीच, परंतु ती कोंबड्यांच्या बाजूला नकोत.

दुसरे, विरळणीकडे काम म्हणून न बघता पीक म्हणून बघावे. बीट, मुळा, गाजर आणि माठ मी मुद्दाम थोडे दाट पेरते. रोपे तीन-चार पानांवर आली की एक सोडून एक उपटते. त्या कोवळ्या रोपांतली निवडक माझ्या ताटात येतात, उरलेली मुळांवरच्या मातीसकट खुराड्यात जातात. मुळांना चिकटलेल्या मातीतले किडे शोधण्यात कोंबड्या पाल्याहून जास्त रमतात.

तिसरे म्हणजे पेरणीचे अंतर. आपण सगळे एकाच दिवशी पेरले, हीच आपल्या वाफ्याची खरी अडचण होती. २४ चौरस मीटरमध्ये मी सहा लहान वाफे केले असते आणि पालेभाज्यांच्या दोन वाफ्यांत दर दोन आठवड्यांनी केवळ दोन-दोन ओळी पेरल्या असत्या. एका ओळीची कापणी चालू असताना दुसरी वाढत असते आणि तिसरी नुकती उगवलेली असते. ऊन वाढून एखादी ओळ फुलोऱ्यावर आली तर आपल्याला ती कडू लागते, कोंबड्यांना चालते. तेव्हा वाया गेलेली ओळ असे काही उरतच नाही.

बांधावर सूर्यफूल आणि झेंडू लावा. सूर्यफुलाचे बी पिसे झडण्याच्या काळात थोडे थोडे देता येते. त्यात प्रथिने चांगली आहेत, परंतु तेलही भरपूर असल्याने हात आखडताच असावा. झेंडूच्या पाकळ्यांनी बलकाचा रंग गडद होतो. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बलक केशरी व्हावा म्हणून पुष्कळजण गाजर देतात, पण गाजरातल्या बीटा कॅरोटीनचा बराचसा भाग कोंबडीच्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतरित होतो आणि बलकात फारसा उतरत नाही. बलकाला रंग येतो तो ल्युटिन आणि झिअॅक्सॅन्थिन या रंगद्रव्यांमुळे, आणि ती हिरव्या पानांत, पिवळ्या मक्यात आणि झेंडूत असतात. गाजर अवश्य द्यावे, परंतु रंगाची अपेक्षा पानांकडून करावी.

रानवारा

अतिशय उपयुक्त चर्चा. माझ्या दोन शंका आहेत. पालक कोंबड्यांना अजिबात देऊ नये, असे मला सांगण्यात आले आहे. ते खरे आहे का? आणि भोपळ्याच्या बिया दिल्या की जंत पडतात, म्हणून भोपळ्याचा एक वेल खुराड्यासाठीच सोडावा, असेही ऐकले आहे. मृद्गंध यांनी भोपळा लावावा का?

अंगणवेल

भोपळा अवश्य लावावा, मात्र जंतांचे औषध म्हणून नव्हे. बियांमध्ये काही क्रियाशील द्रव्ये आहेत हे खरे, पण परसातल्या कोंबडीने चोचीने उचललेल्या मूठभर बियांनी जंत नाहीसे होतात, असे मानण्यास पुरेसा आधार नाही. एखादी कोंबडी वाळत चालली असेल, तिचा तुरा फिका पडला असेल, तर तिची विष्ठा तपासून घ्यावी आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. बियांच्या भरवशावर गेलेला महिना त्या कोंबडीला महाग पडतो. भोपळ्याचे मोल वेगळे आहे. पूर्ण पिकलेले, देठासकट काढलेले फळ कोरड्या हवेशीर जागी कित्येक महिने टिकते आणि वाफे रिकामे असतात त्या दिवसांत उपयोगी पडते. मधोमध चिरून ठेवले की कोंबड्या साल सोडून सगळे साफ करतात.

पालकाबद्दल ‘अजिबात नको’ हे टोकाचे आहे. पालक, चार्ड (बीटच्याच कुळातली पालेभाजी) आणि बीटची पाने यांत ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. ज्या कोंबडीला रोज कवचासाठी कॅल्शियम हवे आहे तिला हीच पाने रोज देणे अयोग्य आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा, इतर पाल्याच्या जोडीने दिल्यास काही बिघडत नाही. माठातही हे आम्ल असते, हे ध्यानात ठेवावे. कोबीवर्गातल्या पाल्याचे दुखणे निराळे आहे: त्यातली काही द्रव्ये फार मोठ्या प्रमाणात गेल्यास थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात. उपाय दोन्हींचा एकच, पाला पालटत राहावा. आज फ्लॉवर, उद्या लेट्यूस, परवा वाटाण्याचे वेल.

जे खरोखर टाळावे ते असे. उन्हाने हिरवा पडलेला बटाटा, त्याची साल आणि त्याचे कोंब. यातले सोलानिन हे विष शिजवूनही जात नाही. राजम्यासारखे कोरडे दाणे कच्चे देऊ नयेत. ते भिजवून, पाणी बदलून, चांगले खळखळून उकळलेले असावेत, कारण त्यांतला विषारी घटक मंद आचेवर नीट नष्ट होत नाही. अॅव्होकॅडोची साल, बी आणि पाने पक्ष्यांना घातक आहेत. कांदा मोठ्या प्रमाणात गेल्यास रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिवाय अंड्यांना त्याचा वास लागतो. आणि बुरशी आलेले काहीही नको: मक्याचे कणीस असो, भाजी असो, वा भिजून गोळा झालेले खाद्य. ‘एवढ्याशा बुरशीने काय होते’ असे म्हणून पुढे टाकलेल्या दाण्यांतले अॅफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृत निकामी करते, आणि कोंबडी मान टाकून बसेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही.

एक राहिलेच. लांब गवत किंवा वाटाण्याचे वेल अखंड टाकू नका, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, नाही तर लांब तंतूंचा गुंता होऊन पिशवी तुंबते. संध्याकाळी कोंबडी दांडीवर बसली की तिच्या छातीच्या वर उजव्या बाजूला हात लावावा. पिशवी भरलेली लागते. सकाळी खाण्याआधी पुन्हा लावावा. ती रिकामी, सपाट असली पाहिजे. सकाळीही तेथे कणकेच्या गोळ्यासारखे घट्ट लागले तर पशुवैद्याला दाखवायला थांबू नये.

मृद्गंध

अंगणवेल, हिरवळ, आपणा दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी सहाही कोंबड्यांच्या पिशव्या तपासल्या, सर्व रिकाम्या होत्या. खाद्य पूर्ववत केले आहे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवला आहे. पहिल्या दिवशी दोघीजणी त्या भांड्यापासून हलायलाच तयार नव्हत्या.

एक इच्छा मात्र मनातून जात नाही. कोंबड्यांनी स्वतः चालत जाऊन उभ्या रोपाचे पान तोडावे, हे पाहण्यात जे सुख आहे ते चिरून टाकलेल्या पाल्यात नाही. रोपे न गमावता हे साधता येईल का?

सुतारपक्षी

येते, आणि त्यासाठी फार खटपट लागत नाही. कोंबडी चोचीने जेवढे खाते त्याच्या कितीतरी पट पायांनी बिघडवते. तिला चोच मारू द्यायची आणि नखे मातीपर्यंत पोहोचू द्यायची नाहीत, एवढेच साधायचे असते.

लाकडी पट्ट्यांची १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच अशी बिनतळाची चौकट करावी. लाकडाला रसायन किंवा जुना रंग लावलेला नसावा. वरून तारेची घट्ट जाळी ठोकावी. तिची भोके १२ ते २५ मिलिमीटरची असावीत, त्याहून मोठी असल्यास मान आत जाते. चौकट खुराड्याच्या अंगणातच ठेवून आत लेट्यूस, चार्ड, गहू किंवा लसूणघास पेरावा. रोपे जाळीच्या वर आली की कोंबड्या शेंडे खुडतात, मुळे आणि खालची पाने सुरक्षित राहतात आणि झाड पुन्हा फुटते. जाळीला मध्ये आडवी पट्टी द्यायला विसरू नका. कोंबड्या तिच्यावर चढतात, जाळी खोलगट होते, आणि मग त्यांची चोच थेट रोपाच्या बुडख्यापर्यंत पोहोचते. उगवण होऊन रोपे जोम धरेपर्यंत कोंबड्यांना चौकटीपासून दूर ठेवावे. दोन चौकटी असतील तर एक खाल्ली जात असताना दुसरी विसावा घेते.

भाजीच्या वाफ्यांभोवतीचे कुंपण जड जातीच्या कोंबड्यांसाठी १२० सेंटिमीटर उंच पुरते, हलक्या जातींसाठी १८० लागते. कुंपणाला वरून दांडी बसवू नये. वर बसायला जागा दिसली की त्या उडण्याचा प्रयत्न करतात. नुसती हलणारी जाळी दिसली तर सहसा करत नाहीत.

काळीमाती

खताचा प्रश्न मागे पडू नये म्हणून लिहितो. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत नत्र इतके असते की ती थेट घातल्यास मुळे आणि कोवळी पाने करपतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तिच्यात माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि कोंबडी ठणठणीत दिसत असली तरी असू शकतात. लेट्यूस, मुळा, गाजर आपण कच्चे खातो. म्हणून खुराड्यातली विष्ठा वाळलेला पाचोळा, पेंढा किंवा लाकडाचा भुसा यांच्याबरोबर कुजवूनच वापरावी. पाचोळा आकारमानाने विष्ठेच्या दोन-तीन पट असावा. ओलावा मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, एवढा ठेवावा. ढीग मधोमध ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही दिवस तसाच राहिला पाहिजे, आणि बाहेरचा थर आत जावा म्हणून तो वरचेवर पालटला पाहिजे. ढीग थंडावल्यावर आणखी दोन-तीन महिने मुरू द्यावा. खत तयार झाले की त्याला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. नाकाला झोंबणारा वास असेल तर ते अजून कच्चे आहे.

कच्चे खत घालावेच लागले तर अंतर राखावे. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत खाण्याचा भाग मातीला लागत असल्यास काढणीपूर्वी १२० दिवस आणि लागत नसल्यास ९० दिवस अशी मुदत आहे, आणि घरच्या बागेलाही ती योग्य वाटते. याच कारणासाठी, काढणी झालेल्या वाफ्यात कोंबड्यांना किडे वेचायला सोडायचे असेल तर पुढचे पीक विचारपूर्वक निवडावे. त्या वाफ्यात मी भोपळा किंवा मका घेतो, लेट्यूस कधीच नाही. कोंबड्या वाफ्यात चालतात तेव्हा त्या खतच घालत असतात, हे आपण विसरतो.

आणखी एक प्रश्न सर्वांनी स्वतःला विचारावा: ही जागा पूर्वी कशाची होती? जुन्या घराच्या भिंतींचा शिशाचा रंग खरवडून पडला असेल, गाड्या दुरुस्त होत असतील, कचरा जाळला जात असेल, तर मातीत शिसे असू शकते. कोंबडी दिवसभर माती टोचते आणि ते शिसे अंड्यांत उतरते. शंका असेल तर बी पेरण्याआधी माती तपासून घ्यावी. फवारणीचेही तसेच आहे. गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकलेल्या वाफ्यातला पाला तर राहोच, तेथली मेलेली गोगलगायही कोंबडीच्या तोंडी जाता कामा नये.

मृद्गंध

सात आठवड्यांनी लिहितो आहे. जागेचे सहा वाफे केले. पालेभाज्यांच्या दोन वाफ्यांत दर पंधरवड्याला दोन ओळी पेरतो आणि आज त्यांतली पहिली ओळ संपली, तिसरी कापणीला आली. फ्लॉवर आणि कोबी कुंपणाच्या कडेला आहेत, म्हणजे बाहेरची पाने तोडून जाळीवरूनच पलीकडे टाकता येतात. टोमॅटो पार विरुद्ध टोकाला गेला. मातीचा अहवाल स्वच्छ आला आहे.

चौकटी दोन केल्या, एकीत चार्ड आणि दुसरीत गहू. चार्डचे शेंडे जाळीच्या पातळीवर कात्रीने कापल्यासारखे एका रेषेत खुडलेले आहेत आणि खालून नवी पालवी फुटते आहे. गव्हाच्या चौकटीला आडवी पट्टी देण्याचा मी कंटाळा केला होता. सर्वांत जड कोंबडी तिसऱ्याच दिवशी मधोमध जाऊन बसली आणि तिच्या पोटाखाली ताटलीएवढ्या जागेतला गहू मुळापर्यंत संपला. आता तेथे दोन पट्ट्या ठोकल्या आहेत. अंगणवेल यांनी ऑक्झॅलिक आम्लाविषयी लिहिले होते, त्यामुळे चार्डची चौकट आठवड्यातून दोनच दिवस उघडी असते, बाकीचे दिवस तिच्यावर उंच जाळीचे झाकण असते. अंड्यांची कवचे पाचव्या आठवड्यापासून पूर्वीसारखी टणक लागू लागली आहेत. खताचा ढीग काल मधोमध ५८ अंशांवर होता. रविवारी तो पालटायचा आहे.